फळीवरचा माल, नोंदीतला माल

अमेरिकेतल्या एका मोठ्या विक्रीसाखळीच्या ३७ दुकानांमधल्या साठ्याच्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी तपासल्या. संगणकात जितके नग दिसतात तितके दुकानात खरोखर आहेत का, एवढेच त्यांना पाहायचे होते. शंभरातल्या ६५ नोंदी चुकीच्या निघाल्या. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही साखळी काही गबाळ्या कारभाराची नव्हती. तिथे बारकोड होते, संगणक होते, ठरलेल्या वेळी मालाची मोजदादही होत होती. तरीही नोंदीतला माल आणि फळीवरचा माल यांची गाठ पडत नव्हती.

चूक कशी शिरते हे गल्ल्यापाशी थोडा वेळ उभे राहिले की कळते. गिऱ्हाईक एकाच किमतीच्या, पण तीन वेगवेगळ्या चवींच्या दह्याच्या डब्या आणते. मागे रांग असते, म्हणून कॅशियर एकच डबी तीनदा स्कॅन करतो. बिल बरोबर होते, पैसे बरोबर येतात, पण साठ्याच्या तीन नोंदी तेवढ्यात बिघडतात. गोदामातून आलेल्या खोक्याच्या चलनावर २४ नग लिहिलेले असतात, आत २३ असतात, आणि ते कोणी मोजत नाही. परत आलेला मध्यम मापाचा शर्ट मोठ्या मापाच्या गठ्ठ्यात जातो. काही माल चोरीला जातो, काही ट्रायल रूमच्या खुंटीवर दिवसभर लटकून राहतो.

यातली सर्वांत घातक चूक म्हणजे संगणकात शिल्लक दिसणारा, पण प्रत्यक्षात नसलेला माल. संगणकाच्या लेखी तीन नग बाकी आहेत, म्हणून तो नवी मागणी नोंदवत नाही. ते तीन नग नाहीतच, म्हणून विकलेही जात नाहीत. विक्री नाही म्हणून आकडा खाली येत नाही, आणि आकडा खाली येत नाही म्हणून माल येत नाही. एखाद्या चौकस कर्मचाऱ्याचे रिकाम्या जागेकडे लक्ष जाईपर्यंत हे चक्र चालू राहते. वरून मुख्य कार्यालयातल्या अहवालात असे उमटते की या वस्तूला या गावात मागणीच नाही. ज्या गिऱ्हाइकाने ती वस्तू शोधली आणि हात हलवत परत गेले, त्याची नोंद कुठेच नसते.

रेडिओ लहरींनी वस्तू ओळखण्याचे तंत्र, म्हणजे आरएफआयडी, किरकोळ विक्रीत आले ते ही तफावत बुजवण्यासाठी. या पुस्तकाचा विषय तोच आहे. गेल्या दोन दशकांत या तंत्राविषयी पुष्कळ गाजावाजा झाला, मग निराशा झाली, आणि मग फारसा आवाज न करता ते जगभरच्या कपड्यांच्या दुकानांत रुजले. या साऱ्या प्रवासात चिपपेक्षा एक व्यवहारी प्रश्न निर्णायक ठरला असे माझे मत आहे : वस्तूवर लावायच्या टॅगचे पैसे कोण भरतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो? पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने हा प्रश्न हाताशी ठेवावा.

आधी बारकोडविषयी, कारण आरएफआयडीची तुलना कायम त्याच्याशी होते. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, रिगलीच्या च्युइंगमचे एक पाकीट स्कॅन झाले. आज जगभर दिसणाऱ्या उत्पादन-बारकोडचा तो पहिला व्यवहार. बारकोडने गल्ल्यावरचे काम वेगवान केले. किंमत पाठ करण्याची गरज संपली. पण त्याला दोन मर्यादा जन्मजात आहेत. एक, रेषा स्कॅनरला दिसाव्या लागतात, म्हणून प्रत्येक नग हातात घेऊन फिरवावा लागतो. दोन, एका प्रकारच्या सगळ्या नगांवर एकच बारकोड असतो. तो ‘निळी जीन्स, कंबर ३२’ एवढेच सांगतो. लाखो जीन्समधली ही नेमकी कोणती, हे सांगत नाही.

आरएफआयडी टॅग या दोन्ही मर्यादा ओलांडतो. कागदी चिठ्ठीच्या आत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची चिप आणि तिला जोडलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ, नागमोडी अँटेना, एवढाच त्याचा संसार. बॅटरी नाही. टॅग वाचणारे यंत्र, म्हणजे रीडर, साधारण एक वॉट शक्तीच्या लहरी सोडतो. टॅगपर्यंत पोहोचेतो त्यातला अगदी नगण्य अंश उरतो, एका वॉटचे काही दशलक्षांश. तेवढ्यावर चिप जागी होते. ती स्वतः लहर निर्माण करत नाही. उन्हात आरसा हलवून दूरच्या माणसाला खूण करावी, तशी ती अंगावर पडलेली लहर कमी-जास्त परतवते आणि त्या चढउतारांत आपला क्रमांक सांगते. ही कल्पना जुनी आहे. हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्याविषयीचा निबंध १९४८ साली लिहिला. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांच्या हस्ते एक कोरीव लाकडी राजमुद्रा भेट मिळाली होती. तिच्या पोटात लेव थेरेमिन यांनी बनवलेले, बाहेरून आलेल्या लहरींवर चालणारे, चोरून ऐकण्याचे यंत्र होते. ते १९५२ पर्यंत सापडले नाही, कारण त्यात बॅटरीही नव्हती आणि एरवी ते पूर्ण मुके असे.

एका वेळी शेकडो टॅग बोलू लागले तर गोंगाट होईल. म्हणून रीडर वेळेचे बारीक तुकडे पाडतो, प्रत्येक टॅग त्यातला एक तुकडा यदृच्छेने निवडतो, आणि दोघांची टक्कर झाली तर पुन्हा निवडतो. हवाई विद्यापीठात १९७१ च्या सुमारास बेटांमधल्या संगणकांना जोडण्यासाठी जी अलोहा पद्धत निघाली, तिचेच हे वंशज. यामुळे सेकंदाला शेकडो टॅग वाचता येतात. कपड्यांनी भरलेल्या रॅकवरून हातातला रीडर फिरवला की मोजणी झाली. पाणी मात्र या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवतो. शाम्पूची बाटली आणि टिनचा डबा हे या तंत्राचे जुने वैरी आहेत. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण वॉलमार्टचा पहिला मोठा प्रयोग यावरही अडखळला.

त्या प्रयोगाची मुळे एका लिपस्टिकपर्यंत जातात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये काम करणाऱ्या केव्हिन अ‍ॅश्टन यांना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिसले की कंपनीची एक खपाऊ तपकिरी छटा दुकानांत सतत संपलेली असते, आणि पुरवठा साखळीची माणसे सांगतात की गोदामात भरपूर आहे. चिप बसवली तर फळीच आपली रिकामी जागा सांगेल, ही त्यांची कल्पना. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ऑटो-आयडी सेंटर उभे राहिले. अ‍ॅश्टन यांच्यासोबत डेव्हिड ब्रॉक आणि कानपूरच्या आयआयटीतून शिकून गेलेले संजय सरमा होते. तोवर टॅगमध्ये वस्तूची सगळी माहिती कोंबण्याकडे कल होता, म्हणून चिप मोठी आणि महाग होई. या मंडळींनी उलट विचार केला : टॅगवर फक्त एक क्रमांक ठेवायचा, बाकी सगळी माहिती जाळ्यावर. चिप जितकी लहान, तितक्या एका सिलिकॉन चकतीतून जास्त निघतात आणि तितकी ती स्वस्त. सरमांनी पाच सेंटांच्या टॅगचे लक्ष्य मांडले. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ९६ बिटांच्या क्रमांकात ३८ बिट फक्त अनुक्रमांकासाठी आहेत. म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूच्या सुमारे २७ हजार कोटी नगांना वेगवेगळे क्रमांक देता येतात. मला हा निर्णय या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर वाटतो. टॅगवर काय नसावे हे ठरवल्यामुळे तो परवडण्याच्या टप्प्यात आला.

जून २००३ मध्ये वॉलमार्टने जाहीर केले की तिच्या सर्वांत मोठ्या १०० पुरवठादारांनी जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर आरएफआयडी टॅग लावून माल पाठवावा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही त्याच काळात तशीच अट घातली. जगातला सर्वांत मोठा किरकोळ विक्रेता सांगतो आहे म्हटल्यावर दोन-तीन वर्षांत बारकोड हद्दपार होणार, असे भाकीत वर्तमानपत्रांतून होऊ लागले. जिलेटने एलियन टेक्नॉलॉजी या टॅग बनवणाऱ्या कंपनीकडे ५० कोटी टॅगांची मागणी नोंदवल्याची बातमी त्याच वर्षाच्या सुरुवातीची.

पुरवठादारांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे होते. टॅग तेव्हा पाच सेंटांच्या जवळपासही नव्हता. रीडर, सॉफ्टवेअर, टॅग छापणारी यंत्रे हा खर्च निराळा. टॅगांचे दोन प्रकार बाजारात होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. सर्वांना एकत्र आणणारे ‘जेन टू’ हे मानक २००४ च्या डिसेंबरात मंजूर झाले, म्हणजे मुदत संपायला आठवडे उरले असताना. शिवाय वॉलमार्टच्या पुरवठादारांत शाम्पू, सूप, डिटर्जंट आणि डबाबंद पदार्थ बनवणारे पुष्कळ. अशा वेळी माणूस जे करतो तेच कारखान्यांनी केले. उत्पादन नेहमीसारखे चालू ठेवले, आणि वॉलमार्टला जाणारी खोकी शेवटच्या क्षणी बाजूला काढून त्यांवर टॅग थापून गाडीत भरली. धंद्यात याला ‘स्लॅप अँड शिप’ असे नावच पडले. त्या टॅगचा कारखान्याला स्वतःच्या कामात काडीचा उपयोग नव्हता. तो त्यांच्या दृष्टीने एक कर होता.

दुकानाच्या बाजूला मात्र बुद्धीचे काम झाले होते, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. रीडर तीन महत्त्वाच्या जागी होते : माल उतरवण्याच्या दारापाशी, मागच्या खोलीतून दुकानात जाणाऱ्या दारापाशी आणि रिकामी खोकी दाबणाऱ्या यंत्रापाशी. खोके विक्रीच्या भागात गेले आणि नंतर दाबयंत्रापाशी वाचले गेले, तर आतला माल फळीवर लागला असे धरायचे. आर्कान्सा विद्यापीठाच्या चमूने २००५ मध्ये २९ आठवडे, १२ टॅगवाली आणि १२ बिनटॅगची दुकाने तुलनेला घेऊन पाहणी केली. माल संपलेला असण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणजे लाभ होत होता, पण तो वॉलमार्टच्या फळीवर होत होता आणि त्याचे पैसे पुरवठादाराच्या खिशातून जात होते. पुरवठादाराचाही माल जास्त खपेल हे खरे, पण ती आशा दूरची आणि टॅगचे बिल मात्र दरमहा. २००८ मध्ये वॉलमार्टच्याच सॅम्स क्लबने टॅग नसलेल्या पॅलेटवर दोन डॉलरचा आकार लावायला सुरुवात केली. इथवर यावे लागले, यातच त्या योजनेची दुबळी जागा दिसते. खोक्यावरच्या टॅगची ही मोहीम पुढे विझत गेली.

तिच्या अपयशाची कारणे सांगताना टॅग नीट वाचले जात नव्हते यावर सहसा भर देतात. ते होतेच. पण वाचन शंभर टक्के झाले असते तरी खोके फुटल्यावर काय? दह्याच्या तीन डब्यांची चूक, मापांची सरमिसळ, ट्रायल रूममधला शर्ट, हे सगळे खोके रिकामे झाल्यानंतर घडते. तफावत जिथे जन्माला येते तिथपर्यंत तो टॅग पोहोचतच नव्हता.

कपड्यांच्या धंद्याने हे दोन्ही प्रश्न सोडवले, आणि तेही एखाद्या मोठ्या घोषणेशिवाय. सुती शर्टात पाणी नाही, धातू नाही. किमतीचे लेबल आधीपासूनच लटकत असते, टॅग त्यातच बसतो. एका शर्टाची सहा मापे आणि पाच रंग असले तर तीस वेगळ्या नोंदी होतात, म्हणून चुकांचे प्रमाण मोठे आणि ती दुरुस्त करण्यातला फायदाही मोठा. ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने २००३ मध्ये हाय विकमच्या दुकानात पुरुषांच्या कपड्यांवर प्रयोग केला आणि मग सावकाश वाढवत नेला. झाराची मालक असलेल्या इंडिटेक्सने २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरुवात केली. टॅग चोरीरोधक कडक बिल्ल्यात बसवला, गल्ल्यावर काढून घेतला आणि पुन्हा वापरला. साठ्याची संपूर्ण मोजणी पूर्वी सहा महिन्यांनी होई, ती सहा आठवड्यांवर आली. डेकॅथलॉन आणि युनिक्लो यांनी त्याच टॅगवर गल्लाही चालवला. आपल्याकडच्या डेकॅथलॉनच्या दुकानांतही गिऱ्हाईक वस्तू एका टोपलीसारख्या खाचेत टाकते आणि बिल पडद्यावर उमटते.

या सर्वांत समान काय? झारा, डेकॅथलॉन, युनिक्लो आणि बऱ्याच अंशी मार्क्स अँड स्पेन्सर आपल्याच नावाचा माल विकतात. शिलाईच्या टेबलापासून गल्ल्यापर्यंतचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो. टॅगचा खर्च आणि वाचलेली विक्री एकाच ताळेबंदात भेटतात, तिथे कोणाला धाक दाखवावा लागत नाही. वॉलमार्टनेही २०१० मध्ये जीन्स आणि अंतर्वस्त्रांपासून नव्याने आरंभ केला, तो एकेका नगावर टॅग लावून. आणि २०२२ मध्ये घरगुती वस्तू, खेळणी, क्रीडासाहित्य, इलेक्ट्रॉनिक्स अशा विभागांपर्यंत अट वाढवली. तोवर टॅग काही सेंटांत मिळू लागला होता आणि जगाची उत्पादनव्यवस्था त्याला सरावली होती.

या कथेला दुसरी एक बाजू आहे आणि ती तळटीपेत ढकलू नये. २००३ मध्येच बेनेटनने कपड्यांत चिप बसवण्याचा विचार केल्याची बातमी आली आणि बहिष्काराची हाक दिली गेली. केंब्रिजच्या टेस्को दुकानात जिलेटच्या ब्लेडचे पाकीट उचलले की कॅमेरा छायाचित्र टिपतो, हे उघड झाले. जर्मनीतल्या ऱ्हाइनबर्गच्या ‘भविष्यातल्या दुकानात’ मेट्रो या विक्रीसाखळीने गिऱ्हाइकांच्या सवलतपत्रांत न सांगता चिप घातल्याचे २००४ मध्ये बाहेर आले आणि ती पत्रे मागे घ्यावी लागली. या आंदोलकांना तेव्हा प्रगतीचे विरोधक म्हटले गेले. मला ते या तंत्राचे उपकारकर्ते वाटतात. त्यांच्या रेट्यामुळे विक्रीनंतर टॅग कायमचा निकामी करण्याची सोय ही चर्चेची बाब न राहता अपेक्षा बनली. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दाराने येतो. टॅगच्या क्रमांकात माणसाचे नाव नसते, पण बिल करताना मोबाइल क्रमांक विचारण्याची रीत आपण निमूट स्वीकारली आहे. त्या क्षणी वस्तूचा एकमेव क्रमांक आणि माणूस यांची जोडी लागते. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या चौकटीत ही जोडी कशी बसवायची, याचा विचार टॅग लावण्याआधी व्हायला हवा.

भारतात या तंत्रासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. सर्वसामान्यांची त्याच्याशी ओळख दुकानात नव्हे, टोलनाक्यावर झाली. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग याच घराण्यातला. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जुलै २०१६ पासून कंटेनरांना टॅग लावून त्यांचा प्रवास लॉजिस्टिक्स डेटा बँकेतर्फे नोंदवला जाऊ लागला, आणि कंटेनर नेमका कुठे अडकला हे आयातदाराला फोन न करता कळू लागले. किराणा दुकानाला मात्र या टॅगची गरज आहे असे मला वाटत नाही. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर तीन-चार रुपयांचा टॅग लावणे हा हिशेबच होत नाही, आणि दुकानदाराला आपली फळी बसल्या जागेवरून दिसते. जिथे मालक आणि फळी यांच्यात शेकडो मैल, चार गोदामे आणि बदलते कर्मचारी आहेत, तिथे टॅगची जागा आहे.

कर्मचाऱ्यांविषयी या पुस्तकात सविस्तर लिहिले आहे याचा मला विशेष आनंद वाटतो. रीडरने साठा मोजला म्हणून शर्ट आपोआप फळीवर येत नाही. मागच्या खोलीत आठ नग आहेत आणि बाहेर एकही नाही, एवढे टॅग सांगतो; ते आणून लावायला माणूस लागतो. ज्या साखळ्यांनी मोजणीत वाचलेले तास या कामाला दिले त्यांची विक्री वाढली. ज्यांनी ते तास पगारातून कापले, त्यांच्याकडे अचूक नोंदी आणि रिकाम्या फळ्या असे चमत्कारिक चित्र निर्माण होऊ शकते. रात्री दुकान बंद झाल्यावर शिडीवर चढून हजारो नग हाताने मोजणाऱ्या मुलामुलींचे काम हलके होणे, ही माझ्या लेखी या तंत्राची लहान कमाई नाही.

शेवटी आपल्या उत्पादकांकडे येतो. तिरुपूरच्या विणमालाप्रमाणेच सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातात. परदेशी साखळीच्या घरगुती वस्तूंच्या विभागात ज्याचा माल जातो, त्याच्या करारात आज ना उद्या टॅगचे कलम येते : कोणत्या मंजूर प्रकारचा टॅग, क्रमांक कसा भरायचा, लेबल कुठे लावायचे. अमेरिकेत लहरींचा पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे वेगळा, म्हणून दोन्हीकडे वाचला जाईल असा टॅग घ्यावा लागतो. हे कलम निमूटपणे पाळून टॅग थापणे, म्हणजे २००५ सालच्या पुरवठादारांच्या जागी जाऊन बसणे. पण तोच टॅग पॅकिंगच्या टेबलावर, खोके बंद होण्याआधी, स्वतःच्या रीडरने वाचला तर खोक्यात किती आणि कोणते नग गेले याचा पुरावा कारखान्याकडे राहतो. ‘माल कमी आला’ म्हणून परदेशी खरेदीदार बिलातून रक्कम कापतो तेव्हा आज कारखानदाराकडे दाखवायला फक्त चलनाचा कागद असतो. रीडरचा एक बोगदा किंवा साधा हातातला रीडर, आणि प्रत्येक खोक्याची क्रमांकवार यादी जपणारी एक वही संगणकात, एवढ्या सामग्रीवर तो त्या कपातीला उत्तर देऊ शकतो. शेवटच्या तीन प्रकरणांत यासाठी लागणारी यंत्रे, त्यांचा खर्च आणि खरेदीदाराशी बोलताना विचारायचे प्रश्न दिले आहेत. कारखानदारांनी पुस्तक तिथूनच वाचायला घेतले तरी चालेल.